गाडीची कुरकुर



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. दिवाळीत मुलगा, सून आणि नात पुण्याहून पुलगावला आले होते. नवीन गाडी घेऊन आले. विजेवर चालणारी. दारात कधी येऊन उभी राहिली ते मला कळलंसुद्धा नाही. पूर्वी आमच्या गल्लीत मोटार वळली की चार घरं आधी कळायचं आणि कोणाकडे कोण आलं याचा अंदाजही बांधून व्हायचा.

चहा घेता घेता मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी एकदम छान आहे. पण मागून कुठून तरी टिक् टिक् वाजतं. समृद्धीवर तर डोकं उठलं माझं."

मास्तरकी संपून वर्षं झाली तरी कोणी अडचण सांगितली की माझ्यातला मास्तर जागा होतो. म्हटलं, चल, बघू या. आम्ही देवळीच्या रस्त्याने थोडं जाऊन परत आलो. मी मागच्या सीटवर, शेजारी नात. मध्येच ती म्हणाली, "आजोबा, हे बघा, आत्ता वाजलं! ऐकलं ना?"

मी काहीच ऐकलं नव्हतं.

या प्रसंगाकडे पुढे येतोच. पण त्या रात्री झोप येईना तेव्हा डोक्यात विचार सुरू झाला तो गाड्यांच्या आवाजाचा. इंजिनाच्या नव्हे, तर गाडीच्या आत जे बारीकसारीक वाजत असतं त्याचा. इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह हेच आपण शिकवत आलो. मीही तेच शिकवलं. पण माणसाने कुरकुरीशी दिलेल्या लढ्याचाही एक इतिहास आहे, आणि तो आपल्या अंगणापासून सुरू होतो.

बंडी आणि वंगणाचा नळा

आमच्याकडे विदर्भात बैलगाडीला 'बंडी' म्हणतात. आबाजींची बंडी नाचणगावच्या शेतावर असायची. तिच्या खाली एक नळा टांगलेला असे. त्यात एरंडीचं तेल आणि काजळी कालवून केलेलं वंगण. बाजाराला निघायच्या आधी आबाजी चाक थोडं बाहेर ओढायचे आणि चिंधीने आखाला ते काळं वंगण चोपडायचे. मी हात लावला की आजी ओरडायची, कारण ते डाग सदऱ्यावरून जन्मात जात नसत.

वंगण नसलं की बंडी अशी करकरायची की अर्ध्या कोसावरून ऐकू येई. आबाजींना त्या आवाजाची लाज वाटायची. करकरणारी बंडी म्हणजे आळशी मालक, असा त्यांचा हिशेब. सगळ्या जगाचा हिशेब मात्र असा नाही. स्पेनच्या उत्तर भागात आणि पोर्तुगालमध्ये बैलगाडीचा आख मुद्दाम करकरता ठेवत. त्या आवाजाला तिथले शेतकरी गाडीचं 'गाणं' म्हणत. अरुंद डोंगरी वाटेवर समोरच्याला लांबूनच कळावं, हाही त्यात एक उपयोग. म्हणजे एकाची कुरकुर ते दुसऱ्याचं गाणं!

आता ही करकर होते तरी का? याचं नीट उत्तर मिळायला १९३९ साल उजाडावं लागलं. केंब्रिजमध्ये बौडन आणि लेबेन या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात तेव्हा ते नेहमी सरळ सरकत नाहीत. आधी चिकटतात, मग ताण वाढला की सुटून पुढे सरकतात, पुन्हा चिकटतात, पुन्हा सुटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की त्याचा आवाज होतो. दाराची बिजागरी करकरते ती अशीच, खडू फळ्यावर किंचाळतो तो असाच, आणि व्हायोलिनची तार गज फिरवल्यावर गाते तीही अशीच. आयुष्यभर मी फळ्यावर खडू किंचाळवला आणि पोरांच्या अंगावर काटा आणला, पण त्यामागचं शास्त्र निवृत्तीनंतर वाचलं!

खडखड ही वेगळी जात. तिथे घासणं नाही, आपटणं आहे. दोन वस्तूंमध्ये थोडी फट आहे, गाडी हादरली की त्या एकमेकींवर आदळतात. म्हणून करकरीवर औषध वंगणाचं आणि खडखडीवर औषध फट बुजवण्याचं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. सैल नटाला कितीही तेल पाजा, तो खडखडणारच.

आपली मराठी या बाबतीत भलतीच श्रीमंत आहे. करकर, कुरकुर, किरकिर, खडखड, खुळखुळ, खटखट, टकटक, घरघर, धडधड, किणकिण, भणभण... यातला प्रत्येक शब्द वेगळा आवाज दाखवतो आणि ऐकणाऱ्याला तो बरोबर कळतो. मोल्सवर्थने १८३१ साली आपला मराठी कोश काढला, १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. तो चाळताना असे नादावरून झालेले शब्द पानापानांवर भेटतात. गंमत म्हणजे 'कुरकुर' आपण गाडीलाही म्हणतो आणि माणसालाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

लाकडी सांगाडा आणि एका वैमानिकाची युक्ती

कार्ल बेंझने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. १८९८ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यांवरही मोटारी दिसू लागल्या. सुरुवातीच्या या मोटारी म्हणजे खरं तर इंजिन लावलेल्या बग्ग्याच. खाली लोखंडी चौकट, वर सुतारांनी केलेला लाकडी सांगाडा आणि त्यावर पत्रा. लाकूड उन्हाने आटतं, पावसाने फुगतं. आमच्याकडच्या मे महिन्यात तर दारं-खिडक्यांचे सांधेसुद्धा सैल होतात. तसे त्या मोटारींचे सांधे सैल व्हायचे, लाकडावर लाकूड घासायचं आणि गाडी करकरायला लागायची. मात्र इंजिनाचाच धडधडाट एवढा असे की बाकीचे आवाज त्यात बुडून जात.

मग इंजिनं शांत होऊ लागली. रोल्स-रॉईस कंपनीने १९०६ साली आणलेल्या मोटारीचं एक रुपेरी रंगाचं वाहन १९०७ साली इतकं निःशब्द चाललं की त्याचं नावच 'सिल्व्हर घोस्ट' पडलं, म्हणजे रुपेरी भूत. पुढे त्या सगळ्या मॉडेललाच ते नाव चिकटलं. आपल्या संस्थानिकांना तर या गाड्यांचं वेडच होतं. पण इंजिन गप्प झाल्यावर काय झालं असेल? सांगाड्याची कुरकुर ऐकू यायला लागली!

त्यावर १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये चार्ल्स वेमन नावाच्या माणसाने एक भन्नाट युक्ती काढली. हा मूळचा वैमानिक. विमानाचा सांगाडा लवचीक असतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्याने मोटारीचा लाकडी सांगाडा असा केला की कुठेही लाकूड लाकडाला टेकणारच नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये फट ठेवायची आणि ते धातूच्या पट्ट्यांनी जोडायचे. वरून पत्र्याऐवजी चामड्यासारखं दिसणारं जाड कापड ताणायचं. घासायला काही उरलंच नाही तर करकरणार काय? काही वर्षं युरोपात या कापडी मोटारींची मोठी चलती होती. पण कापड टिकेना, चकाकी येईना, आणि तोवर दुसरा उपाय जिंकला होता.

तो उपाय अमेरिकेचा. तिथे एडवर्ड बड याने लाकूडच काढून टाकलं आणि पोलादी पत्रे दाबून, वितळजोड करून सबंध पोलादी बॉडी केली. १९१४ साली डॉज बंधूंच्या मोटारींना अशा बॉड्या मोठ्या संख्येने बसू लागल्या. पुढे खालची चौकट आणि वरची बॉडी वेगळी न ठेवता सगळं एकसंध करण्याची पद्धत आली. सांधे कमी, म्हणून कुरकुर कमी. एवढं साधं तत्त्व, पण तिथवर यायला निम्मं शतक गेलं.

वर्ध्याची 'ऑक्सफर्ड'

इथे आपल्या जिल्ह्यातली एक ऐकीव गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. तेच १९४० साली सेवाग्राम झालं. तेव्हा वर्ध्याहून तिथे जायला धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात तर काळ्या मातीत चाकं रुतायची. जमनालालजी बजाज यांनी म्हणे जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून सवारी तयार केली होती. 'ऑक्स' म्हणजे बैल आणि पुढे 'फोर्ड', म्हणून तिचं नाव 'ऑक्सफर्ड'! आमच्या लहानपणी वर्ध्याकडची जुनी मंडळी ही गोष्ट मोठ्या चवीने सांगत. मी वर्गात सांगितली की पोरं खो खो हसायची. मला मात्र नेहमी वाटायचं, त्या गाडीचा आवाज कसा असेल? इंजिन नाही, म्हणजे फक्त स्प्रिंगांची कुरकुर, दारांची खुळखुळ आणि बैलांच्या घुंगरांचा नाद. आजच्या विजेच्या मोटारीची ती आजीच म्हणायची.

कुर्ल्याची फियाट

आपल्या मराठी मुलखात मोटार तयार झाली ती वालचंद हिराचंद यांच्यामुळे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या या माणसाने जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्हींना हात घातला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी काढली आणि मुंबईला कुर्ल्यात कारखाना उभा राहिला. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी, मग इटलीच्या फियाटशी करार. १९५४ च्या सुमारास फियाट ११०० आली. गुबगुबीत नाकाची ही गाडी आपल्या लोकांनी लगेच 'डुक्कर फियाट' करून टाकली. नाव ठेवण्यात आपला हात कोण धरणार! १९६४ साली 'डिलाइट', पुढे १९७३ साली 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. चितोडच्या राणीचं नाव कुर्ल्याच्या मोटारीला.

तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला अॅम्बेसिडर तयार व्हायची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली ती थेट २०१४ पर्यंत. या दोन्ही गाड्या एकसंध पोलादी बॉडीच्या होत्या. पण त्या काळी गाडी मिळायलाच वर्षानुवर्षं थांबावं लागे. आणि एकदा मिळाली की ती वीस-वीस वर्षं चाले. म्हणजे वीस वर्षांची धूळ, वीस पावसाळे आणि वीस उन्हाळे. रबर कडक व्हायचं, दाराचे बुश झिजायचे, आणि मग कुठलीही गाडी बोलू लागणारच. त्यामुळे गावोगाव मिस्त्री नावाची एक जमात तयार झाली. त्यांना कान होते. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे जुने ड्रायव्हर नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगत. ती शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून मुंबईच्या रस्त्यावरून गेली. अनेकांनी तेव्हा डोळे पुसले. गाडीसाठी कमी आणि आपल्या गेलेल्या वर्षांसाठी जास्त, असं मला वाटतं.

सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र मोटार आली ती एस.टी.च्या रूपाने. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) गेली. ती बेडफर्ड गाडी, बॉडी लाकडी आणि सीटवर काथ्या. आमच्या विदर्भात तेव्हा वेगळी सरकारी बससेवा होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ साली ती एस.टी.त मिळाली. खिडकीच्या काचा, वरची जाळीची फळी, कंडक्टरची दोरीची घंटा आणि त्याचा पंच, या सगळ्यांचं मिळून जे संगीत होई ते ऐकत मी बी.ए. झालो. आणि खोटं कशाला बोलू, त्यात मला गाढ झोप लागायची. कारण आवाज सगळीकडूनच यायचा. एकच आवाज येतो तेव्हाच माणूस बेचैन होतो.

माझी गाडी

१९९१ साली मी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून एक जुनी मोटार घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, त्या बिचारीचा दोष नव्हता. दोन मालक करून, म्हातारी होऊन ती माझ्याकडे आली होती. मास्तराने मोटार घेतली याची गावात चर्चा झाली. पुलगाव म्हणजे गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावणारं गाव, तिथे अशी बातमी किती वेळ लपणार?

गाडी वाजायची. मी तिच्या मागेच लागलो. रविवार आला की तिच्या पोटात शिरायचो. डिकीतला जॅक आणि पाने पोत्यात गुंडाळले. डॅशबोर्डच्या फटीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. दाराच्या कुलपाच्या खिट्टीला मेणबत्ती घासली. मागच्या नंबरप्लेटखाली वायसर बसवले. जिथे काही जमेना तिथे कापूस कोंबला. पुलगावात कापसाला काय तोटा! हळूहळू गाडी बरीच शांत झाली आणि मला त्याचा अभिमान वाटू लागला.

१९९४ च्या उन्हाळ्यात आम्ही आर्वीला निघालो होतो. आर्वी हिचं माहेर. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही पुलगावहून आर्वीला त्या छोट्या गाडीनेच जायचो. १९१७ साली सुरू झालेली ती अरुंद रुळांची गाडी आता कधीच बंद पडली आहे. तर त्या दिवशी आपल्या मोटारीने निघालो. वळणावर ही म्हणाली, "अहो, पुढून डावीकडून काहीतरी टक् टक् वाजतंय."

मी म्हटलं, "काही नाही वाजत."

पुढच्या वळणावर पुन्हा, "आत्ता बघा, वाजलं."

मला राग आला. इतक्या रविवारांची मेहनत माझी! मी म्हणालो, "तुला ना, सगळ्यातच कुरकुर ऐकू येते. माणसात नि गाडीत."

ती गप्प झाली. आर्वी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. परतीच्या वाटेवरही नाही.

चार दिवसांनी पंक्चर काढायला मिस्त्रींकडे गेलो. मी गाडी आवारात वळवली आणि ते हातातलं काम टाकून उठले. चाक जॅकवर उचललं, दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. चाक डावं-उजवं खुळखुळत होतं. स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉडचा सांधा पार झिजून गेला होता.

ते म्हणाले, "गुरुजी, हे वाजून नाही राहिलं, हे सांगून राहिलं. तो सुटला असता ना, तर चाक आपल्या मर्जीनं फिरलं असतं. घरात कोनालेच आवाज नाही आला का?"

मी काही बोललो नाही. घरी येऊन एवढंच सांगितलं, "एक पार्ट बदलला." कोणता, कशासाठी, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. मागच्या सीटवर तेव्हा आमचा मुलगा बसलेला होता, आठ वर्षांचा. हे त्या रात्री मला फार वेळ आठवत राहिलं. पण सकाळी शाळा होती, आणि मग राहूनच गेलं.

शांततेची किंमत

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि तिथून देशातल्या मोटारीचं रूप बदललं. गाड्या हलक्या झाल्या, पत्र्याच्या जागी प्लॅस्टिक आलं. प्लॅस्टिक उन्हाने पोलादाच्या कित्येक पट जास्त पसरतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि जानेवारीच्या पहाटे हुडहुडी भरते. त्यामुळे सकाळी वाजणारी गाडी दुपारी गप्प असते, नाहीतर उलट. गॅरेजमध्ये नेली की ती नेमकी साळसूद होते. दवाखान्याच्या दारात दाढदुखी थांबते ना, तसंच.

मोटार कंपन्यांनी हा विषय फार गंभीरपणे घेतला आहे. खडबडीत दगडी फरशीचे रस्ते मुद्दाम बांधून त्यावर गाड्या पिदडतात. मोठ्या यंत्रावर उभी गाडी हादरवून कुठे काय वाजतं ते शोधतात. आपल्याकडे पुण्याला १९६६ पासून ए.आर.ए.आय. ही वाहनसंशोधन संस्था आहे. तिथे आवाज आणि कंपनं यांची वेगळी प्रयोगशाळाच आहे. इतका खटाटोप कशासाठी? कारण १९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातवाल्याने रोल्स-रॉईसची एक जाहिरात केली. तिचा आशय असा, की ही गाडी ताशी साठ मैलांनी धावताना आत सगळ्यात मोठा आवाज असतो तो घड्याळाचा. तेव्हापासून शांतता ही विकत घेण्याची वस्तू झाली. आधी श्रीमंतांची, मग सगळ्यांची.

आता विजेच्या मोटारीने इंजिनच काढून टाकलं. आणि कालपर्यंत इंजिनाच्या घरघरीत लपलेली प्रत्येक टिकटिक उघडी पडली. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये खुला झाला. अशा सपाट काँक्रीटवर तर चाकांच्या एकसुरी घूं घूंशिवाय दुसरा आवाजच नाही. त्यामुळे ती टिकटिक कानात खिळा ठोकल्यासारखी होते. उलट युरोपात २०१९ पासून नव्या विजेच्या मोटारींना सावकाश चालताना मुद्दाम आवाज करण्याचं कायद्याने बंधन घातलं आहे. पायी चालणाऱ्याला, विशेषतः अंध माणसाला, गाडी येते आहे हे कळावं म्हणून. बघा मंडळी, शंभर वर्षं आवाज काढून टाकण्यात घालवली आणि आता तो परत घालताहेत!

मला या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट समजली. गाड्या पूर्वीपेक्षा जास्त वाजत नाहीत. कमीच वाजतात. पण मोठा आवाज गेला की लहान ऐकू येतो, तो घालवला की त्याहून लहान. शांततेला तळ नाही. म्हणून प्रत्येक आवाजाच्या मागे लागू नये. पण ऐकावा मात्र प्रत्येक. आतली टिकटिक सोडून दिली तरी चालेल. चाकाकडून, ब्रेककडून, स्टिअरिंगकडून येणारा आवाज सोडून चालत नाही. तो बंद करायचा नसतो, त्याला विचारायचं असतं. मी कापूस कोंबण्यात एवढा पटाईत झालो की विचारायचं विसरलो.

नातीने लावलेला शोध

दुसऱ्या दिवशी आम्ही रीतसर शोध घेतला. आधी गाडी रिकामी केली. पाण्याच्या बाटल्या, खणातली चिल्लर, डिकीतली छत्री, सगळं बाहेर. मग मुलगा गाडी चालवायला आणि नात मागे. शोधताना चालवणाऱ्याने ऐकायचं नसतं आणि ऐकणाऱ्याने चालवायचं नसतं, हा मिस्त्रींचा नियम. नात एकेका जागी हात दाबून धरत गेली. सीटची पाठ, मागची फळी, दाराचं अस्तर. जिथे हात ठेवल्यावर आवाज थांबतो तिथे चोर. दहा मिनिटांत सापडला. मागच्या पट्ट्याची धातूची जीभ खांबाच्या प्लॅस्टिकवर आपटत होती. सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा, काम खलास! मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचाच उपाय."

पण मला तो आवाज आधीही ऐकू आला नव्हता आणि थांबल्यावरही काही फरक कळला नाही. नात माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आजोबा, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही का?"

तीन-चार वर्षं घरचे सांगत होते, कान दाखवा. मी म्हणत होतो, काही नाही झालं. म्हणजे तेच, "काही नाही वाजत." या वेळी मात्र ऐकलं. वर्ध्याला जाऊन तपासून आलो. म्हातारपणी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, असं तिथे समजावून सांगितलं. टिकटिक, किणकिण, कुरकुर, हे सगळे आधी जाणारे. आता कानात यंत्र आहे.

यंत्र लावून घरी आलो, ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसलो आणि दचकलो. झोपाळा भयंकर करकरत होता. ही २०१९ साली गेली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ती म्हणाली होती, "अहो, कड्यांना जरा तेल घाला." मी तेव्हाही म्हटलं असणार की काही नाही वाजत. शेजारच्यांना विचारलं तर ते म्हणाले, सर, वर्षानुवर्षं वाजतोय, तुम्हाला सांगायचं कसं म्हणून गप्प होतो.

घरात एरंडीचं तेल नव्हतं. दुकानातून आणलं. कड्यांना घातलं. एकदा घालून भागलं नाही, दोनदा घालावं लागलं.

मग मुलाला फोन केला आणि १९९४ च्या त्या टाय रॉडची गोष्ट सांगितली. त्याला ती माहीत नव्हती. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, मला आठवतंय, आई त्या दिवशी आर्वीपर्यंत खिडकीबाहेर बघत होती."

असो. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांच्या गाडीत काही वाजत असेल त्यांनी आधी शेजारी बसलेल्या माणसाला विचारावं. आणि त्याने सांगितलं तर ऐकावं.